माहूरची दोन तळी आणि दोन साडू

"मराठवाड्यात डोंगरावर तळं आपोआप होत नसतं. दिसलं तर समजायचं, कुणीतरी बांध घातलाय." लातूरच्या काकांनी हे मातृतीर्थाच्या काठावर, पायातल्या चपला हातात घेऊन सांगितलं. अण्णांनी तितक्याच शांतपणे विचारलं, "मग चपला कुणासाठी काढल्या? बांध घालणाऱ्यासाठी?"

काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. अण्णा म्हणजे माझे वडील, नांदेडला हायस्कूलवर इतिहास शिकवून निवृत्त. दोघे साडू. रेणुका दोन्ही घरांची कुलदेवता, त्यामुळे कुळाचाराला माहूरला येणं होतंच, आणि आलं की ओटी, आरती, तांबूल यांच्या जोडीनं वादही होतो. हा लेख त्या वादाचा आहे. मी मध्ये फार बोलले नाही. जिथे बोलले ते माझ्याच खात्यावर टाकावं.

"बापूसाहेब, डोंगरावर तळं होत नाही म्हणायलात, मग हिमालयात काय आहे?"

"हिमालयाची गोष्ट निराळी. तिथे हिमनदी खडक खरवडत उतरते, मागे खोलगट भाग राहतो, त्यात पाणी साचतं. कुठे दरड कोसळून नदी अडते, कुठे जमीन खचते. आपल्याकडे यातलं काय आहे सांगा. आपला डोंगर म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला, त्याचा उरलेला तुकडा. तेव्हापासून नद्या त्याला कापतायत. कुठे खळगा राहिलाच असेल, तर ओढ्यानं मागं मागं कोरत येऊन तो कधीच फोडून रिकामा केला. इतक्या जुन्या पठारावर नैसर्गिक तळं टिकत नाही. अपवाद एकच, लोणार. आणि तेही डोंगरानं केलेलं नाही, वरून उल्का येऊन आदळली म्हणून झालंय."

"लोणार बुलढाण्याचं. ते मराठवाड्यात ओढू नका."

"पैनगंगाही बुलढाण्यातूनच येते की हो. तिला बरी ओढली तुम्ही."

पैनगंगेचा मुद्दा काकांनी थट्टेत काढला, पण माहूर समजायला तीच आधी समजावी लागते. अजिंठ्याच्या डोंगरात उगवून ती पूर्वेकडे येते आणि माहूरच्या डोंगराला तीन बाजूंनी वळसा घालते. पलीकडे यवतमाळ, अलीकडे नांदेड. निजामाच्या काळी ती सरहद्दच होती: पलीकडे वऱ्हाड, अलीकडे हैदराबाद संस्थान. शेजारचा किनवट तालुका तर १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता, राज्यपुनर्रचनेत तो नांदेडला आला. साहजिकच हा मुलूख सगळ्यांच्याच नकाशात कडेला पडला. मुंबईला लांब, औरंगाबादला लांब, हैदराबादलाही लांब. सागाचं जंगल, गोंड, कोलाम, आंध, बंजारा यांच्या वस्त्या, आणि मराठवाड्यातला सगळ्यात भरवशाचा पाऊस. लातूरला पावसाची वाट पाहण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला किनवट-माहूर पट्ट्यात वर्षाला हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो हे सांगितलं, की तो आधी मनातल्या मनात हिशेब करतो. काका दर वेळी करतात.

तर मातृतीर्थ. त्याची कथा अण्णांनी सांगितली. माहूरला आल्यावर ती सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही, आणि काकांनाही ती पाठ असूनही ऐकायची असते. कार्तवीर्यानं जमदग्नींचा घात केला. परशुरामानं कावड केली, एका पारड्यात वडिलांचा देह, दुसऱ्यात आई, आणि अंत्यविधीसाठी कोरी भूमी शोधत तो हिंडला. कोरी म्हणजे जिथे आधी कुणाचं दहन झालेलं नाही अशी. ती त्याला इथे मिळाली. दत्तात्रेय आचार्य झाले. स्नानाला पाणी हवं, म्हणून परशुरामानं बाण मारला आणि पाणी वर आलं. रेणुका सती गेली. मग आईच्या आठवणीनं परशुराम व्याकूळ झाला, तेव्हा ती भूमीतून वर येईल, पण मागे वळून पाहू नकोस असं त्याला सांगितलं गेलं. त्यानं वेळेआधी पाहिलं. आईचं मुखच तेवढं वर आलेलं होतं. वर देवळात जो तांदळा आहे तो हाच.

"बाण मारला तिथे पाणी आलं, यावर माझा अजिबात आक्षेप नाही," काका म्हणाले.

अण्णा सावध झाले. काकांनी आक्षेप नाही म्हटलं की पुढे काहीतरी असतंच.

"हे बघा, हा काळा पाषाण एकसंध नाही. एक थर घट्ट, त्यातून पाणी जात नाही. त्याच्यावर मांजऱ्या खडक, भोकाभोकाचा, ठिसूळ. त्याच्यावर परत घट्ट. मध्येमध्ये तांबड्या मातीची पट्टी. पाऊस वरच्या मांजऱ्यात मुरतो, खालच्या घट्ट थरावर येऊन थांबतो आणि जिथे डोंगराचा उतार त्या थराला कापतो तिथून बाहेर झिरपतो. बरोबर त्या जोडावर पहार मारली तर पाणी येणारच. तुमच्या परशुरामाला थर ओळखता येत होता, एवढंच मी म्हणतो."

"म्हणजे तुमच्या मते तो भूगर्भतज्ज्ञ."

"किंवा त्याच्या आधी इथे राहणारा कुणी कोलाम असेल. त्याला झरा माहीत होता. बाण नंतर आला."

यावर अण्णा चिडतील असं मला वाटलं होतं. ते चिडले नाहीत. घाटावर कुणीतरी सोडलेला नारळ पाण्यावर हेलकावे खात होता, शेंडी वर करून. त्याच्याभोवती हळदीकुंकवाचा पिवळा-तांबडा तवंग, आणि तवंगाच्या कडेनं शेवाळ. अण्णा तिकडे बघत म्हणाले, "तुम्ही कथा नीट ऐकलीच नाही बापूसाहेब. कथा तुमच्याच बाजूची आहे. तिच्यात डोंगर कोरडा आहे. पाणी मुळात नाही. विधी अडलाय. कुणालातरी श्रम करून ते आणावं लागलं. आपोआप तळं होतं असं कथा कुठे म्हणते? आमची पुराणंसुद्धा हेच सांगतात की इथे पाणी करावं लागतं."

काका जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हे मात्र मला सुचलं नव्हतं," आणि लगेच, "पण त्यावरून कथा खरी ठरत नाही."

खरी-खोटी यावर मग बरंच झालं. त्यातलं एकच सांगते, कारण ते माहूरपासून फार लांबचं असूनही कामाचं आहे. गढवालात पाच हजार मीटर उंचीवर रूपकुंड नावाचं इवलंसं तळं आहे, आणि त्याच्या काठावर शेकडो माणसांचे सांगाडे. तिथल्या लोककथेत म्हणतात, नंदादेवीच्या यात्रेला निघालेल्या राजानं मर्यादा सोडली, देवी कोपली, लोखंडासारख्या गारा पडल्या. २००४ साली तपासणी झाली तेव्हा काही कवट्यांवर वरून गोल वस्तू आदळल्यासारख्या खुणा सापडल्या आणि सगळे म्हणाले, बघा, कथा खरी निघाली. अण्णांनी हे मोठ्या हौसेनं सांगितलं. काकांनी पुढचं सांगितलं: २०१९ मध्ये हाडांमधल्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा ही माणसं एका वेळी मेलेलीच नाहीत असं निघालं. काही बाराशे वर्षांपूर्वीची, काही अवघ्या दोनशे वर्षांपूर्वीची, आणि त्या दुसऱ्या गटातल्या बहुतेकांचं मूळ थेट भूमध्य समुद्राकडचं. ती तिथे कशासाठी गेली होती, याला ना कथेत उत्तर आहे ना प्रयोगशाळेत.

"म्हणजे कथा अर्धी."

"आणि तुमचं विज्ञानही पंधरा वर्षं अर्धंच होतं."

इथे काकांना आणखी एक टोला बसला, आणि तो लातूरच्या माणसाला बसावा तसा बसला. अण्णांनी किल्लारी काढली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, त्यानंतर गावोगाव एकच बोललं जात होतं, माकणीच्या धरणाच्या पाण्यानं हे केलं. अडाणी लोकांचं बोलणं म्हणून ते कुणी सोडून दिलं नाही. धरणाच्या पाण्याच्या दाबाचा संबंध असू शकतो का, यावर शास्त्रज्ञांमध्येही दोन तट पडले. "तेव्हा तळ्याविषयी कथा रचायची खोड फक्त भाविकांना आहे असं म्हणू नका," अण्णा म्हणाले. काका काही बोलले नाहीत. त्या दिवसांत ते ढिगाऱ्यांवर काम करत होते हे आम्हाला माहीत आहे, म्हणून अण्णांनीही विषय वाढवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामगड, म्हणजे माहूरचा किल्ला. माहूरला येणाऱ्या शंभरातले नव्वद लोक रेणुकेचं, दत्तशिखराचं, अनसूयेचं दर्शन घेऊन परत जातात. गावाला लागूनच एवढा मोठा किल्ला आहे, राष्ट्रकूट काळातली पांडवलेणी आहेत, इकडे फिरकत नाहीत. किल्ल्याच्या तटानं डोंगराच्या शेजारशेजारच्या दोन सोंडा आणि त्यांच्या मधली दरी कवेत घेतली आहे, आणि त्या दरीच्या तोंडाला जाड दगडी भिंत घालून आत तळं केलं आहे. इंजाळा तलाव. काका त्या भिंतीकडे बघायला लागले आणि अण्णांना कळलं की आता अर्धा तास तरी आपली पाळी येणार नाही.

"याला म्हणतात जागा निवडणं. दोन बाजूंना डोंगर आयता, तळ घट्ट दगडाचा, अडवायचं फक्त एक तोंड. कमीत कमी बांधकामात जास्तीत जास्त साठा. पाणलोट सगळा तटाच्या आत, म्हणजे वेढा पडला तरी शत्रूला पाणी तोडता येत नाही की त्यात काही कालवता येत नाही. आम्ही धरणाची जागा ठरवताना हेच बघतो. फक्त आमच्याकडे नकाशे होते."

"आता मी बोलू?"

"बोला."

"तुम्ही काल या मुलखाला दुर्गम म्हणालात. दुर्गम कुणासाठी? बहमनी वजीर महमूद गवानानं वऱ्हाडची तरफ, म्हणजे प्रांत, मोडून तिच्या दोन केल्या, एकीचं ठाणं गाविलगड, दुसरीचं माहूर. म्हणजे पंधराव्या शतकात हे जवळजवळ निम्म्या वऱ्हाडाचं मुख्य ठिकाण होतं. पुढे अकबराच्या काळातही माहूर हे सरकार, म्हणजे सुभ्याचा एक विभाग, होतं, आइन-ए-अकबरीत नोंद आहे. १६२३ साली शहाजहान, तेव्हा नुसता खुर्रम, बापाविरुद्ध बंड करून हरला आणि दक्षिणेकडे पळाला, तेव्हा बुऱ्हाणपुराहून तो इथेच आला. जड सामान आणि हत्ती इथल्या उदाजीरामाच्या हवाली केले आणि स्वतः गोवळकोंड्याच्या वाटेनं पुढे गेला. त्याच घराण्यातल्या सावित्रीबाई, ज्यांना औरंगजेबानं रायबागन किताब दिला. १६६१ मध्ये उंबरखिंडीत कारतलबखानाबरोबर शिवाजी महाराजांसमोर शरण यावं लागलं त्या याच. जिथे बादशहाचा मुलगा हत्ती ठेवून जातो ते ठिकाण आडवाटेचं कसं?"

काकांनी एवढ्या सगळ्यातलं नेमकं एक उचललं. "हत्ती किती होते?"

"तो आकडा बाजूला ठेवा."

"शंभर धरा. एका हत्तीला दिवसाला दीडशे ते दोनशे लिटर पाणी लागतं, नुसतं प्यायला. आंघोळ वेगळी. म्हणजे रोज सतरा हजार लिटर. या तळ्याला ते काहीच नाही. त्यापेक्षा उन्हाळ्यात ऊन जास्त पितं. एप्रिल-मेमध्ये उघड्या पाण्याची पातळी वाफेनंच रोज सेंटिमीटरच्या आसपास उतरते." मग जरा थांबून म्हणाले, "लातूरला पहिली पाण्याची गाडी आली, १२ एप्रिल २०१६. मिरजेहून, सुमारे साडेतीनशे किलोमीटर. दहा डबे, प्रत्येकात पन्नास हजार लिटर. म्हणजे एका डब्यात या शंभर हत्तींचं तीन दिवसांचं पाणी. आणि पाच लाख लोकांच्या शहराला त्या दिवशी असे दहा डबे मिळाले."

त्या वर्षी धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. काकांच्या घरी भांडी घासायला राख वापरत होते आणि मावशी फोनवर ते हसत सांगायची. दिगंबररावांना, म्हणजे अण्णांना, इतिहासात पाणी दिसत नाही आणि आपल्याला पाण्याशिवाय इतिहासात काही दिसत नाही, असं काका अधूनमधून म्हणतात. तेव्हापासून जास्तच म्हणतात.

अण्णांचं म्हणणं याच्या बरोबर उलट आहे, आणि ते त्यांनी भिंतीवर बसून सांगितलं. पाणी साठवणं ही कामाची पहिली निम्मी बाजू झाली, ते टिकवणं ही दुसरी. कंधारला राष्ट्रकूटांनी तलाव केला आणि त्याला नाव दिलं जगत्तुंग समुद्र. जगत्तुंग हा तिसऱ्या गोविंदाचा किताब. तळ्याला समुद्र म्हणणं ही फुशारकी आहे, पण बिरुदामुळे का होईना, हजाराहून जास्त वर्षांनंतर नांदेडच्या पोराला शाळेत ते नाव शिकवावं लागतं. मातृतीर्थाला तर राजाचीही गरज पडली नाही. बहमनी आले, इमादशाही आली, मोगल आले, निजाम आला, प्रत्येकाचा महसूल वेगळा, भाषा वेगळी, पण तिथे पिंडदान चालूच. "तुमचा इंजाळा मातृतीर्थापेक्षा चांगला बांधलाय, कबूल. पण किल्ल्यातलं ठाणं उठलं त्या दिवसापासून त्याला धनी नाही. कथा नसलेल्या तळ्याचं हे असं होतं."

"आणि कथा असलेल्याचं काय होतं ते काल बघितलं की," काका म्हणाले. "नारळ, हार, जुने फोटो, प्लास्टिकच्या पिशव्यांसकट ओटीचं सामान. पलीकडच्या दुकानदाराला विचारलं तर म्हणतो, याला तळच नाही. अहो, तळ नाही म्हटलं की गाळ काढायचा प्रश्नच मिटला! इंजाळ्यात निदान गाळ तरी शुद्ध आहे. डोंगराची माती. तिला कुणी हात लावला तर कुणाच्या भावना दुखावत नाहीत."

"तीर्थाचा गाळ लोक श्रमदानानं काढतात. किल्ल्याचा कोण काढतो?"

"श्रमदान एक दिवस होतं. गाळ दर पावसाळ्यात येतो."

इथे मला राहवलं नाही. दोघेही बांधणारा आणि पुजणारा यांच्यापलीकडे बघत नव्हते. तळ्यात गाळ येतो तो वरच्या उतारावरून, आणि उतारावर झाडी किती आहे यावर तो किती येतो ते ठरतं. माहूरच्या डोंगरावर अजून साग आहे, पण पूर्वीसारखा दाट नाही, आणि ज्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या वापरून राखला त्या गोंड-कोलामांचं नाव ना अण्णांच्या सनावळीत येतं ना काकांच्या साठ्याच्या हिशेबात. काकांनी त्यांना काल एकदा झरा दाखवण्यापुरतं आणलं आणि सोडून दिलं. मी हे म्हटल्यावर काका म्हणाले, पाणलोट क्षेत्र विकास हा स्वतंत्र विषय आहे. अण्णा म्हणाले, आदिवासींचा इतिहास हाही स्वतंत्र विषय आहे. या एका मुद्द्यावर दोघांचं तत्काळ एकमत झालं. माझं समाधान झालं नाही ते नाहीच.

उतरताना काका मागे राहिले होते. भिंतीचे दगड बोटांनी चाचपत, सांध्यात नख घालून चुना आहे का बघत. पायथ्याशी येईपर्यंत ते बोलले नाहीत. गावात दुकानांपुढे खलबत्त्यात विडा कुटायचा ठक-ठक आवाज सुरू होता. अण्णांनी तांबूल घेतला, काकांच्या तळहातावर ठेवला, आणि काका तो तोंडात टाकून म्हणाले, "आमच्या खात्यात प्रत्येक तलावाची एक फाईल असते. पाणलोट किती, साठा किती, मृत साठा किती, सांडवा कुठे, गाळ कधी मोजला. मातृतीर्थाची फाईल म्हणजे तुमची पोथी, चालेल. इंजाळ्याची कुणाकडे आहे?"

"तुम्ही करा की. इतिहासाचा भाग मी लिहून देतो."

"भिंतीची लांबी, उंची, पाया, आणि गाळाची खोली घ्यावी लागेल. त्याला मे अखेरीस यावं लागतं, पाणी कमीत कमी असताना."

"मेमध्ये? पंचेचाळीस अंशात गड चढून चिखल मोजायचा? ऑक्टोबरात या, तळं भरलेलं असतं, भिंतीवरनं पाणी कुठवर येतं ते दिसेल. त्याशिवाय ते का बांधलं हे कसं कळणार तुम्हाला?"

"ऑक्टोबरात नवरात्र. खोली मिळणार नाही."

"मग नवरात्रानंतर."

"नंतर माझ्या सोयाबीनची मळणी."

एसटीत बसेपर्यंत महिना ठरला नव्हता.